पैनगंगेच्या रानाच्या वाटा : भोकर ते किनवट

पैनगंगा अभयारण्य यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. क्षेत्रफळ ४२४.८९ चौरस किलोमीटर. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. नदीने या रानाला तीन बाजूंनी वेढा घातला आहे. उत्तरेकडून येणारा पुसद-उमरखेड करत येतो. मराठवाड्यातून येणाऱ्याला मात्र रेल्वेने असो वा एसटीने, नांदेडच्या पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवर असलेल्या भोकरवरूनच जाणे सोयीचे पडते. भोकरला रस्ते फुटतात. कल्याणहून नगर, परभणी, नांदेड करत आलेला महामार्ग इथून भैंसा आणि निर्मळकडे उतरतो, तर दुसरा रस्ता हिमायतनगर, किनवट आणि माहूरच्या दिशेने रानात शिरतो. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गही याच दुसऱ्या दिशेने जातो. यातली एकही वाट वन्यजीव पाहायला जाणाऱ्यांसाठी बांधलेली नाही. कोणती देवासाठी, कोणती सागवानासाठी, कोणती बाजारासाठी झाली आणि प्राणी पाहणारा प्रवासी शेवटी येऊन त्यांवर चढला, असा हा इतिहास आहे.

सर्वांत जुनी वाट माहूरची. रेणुकेचे ठाणे आणि दत्तशिखर यांमुळे मध्ययुगापासून या डोंगरावर दूरदूरच्या लोकांचे येणे-जाणे आहे. मातापूर या नावाने महानुभाव परंपरेतही या गावाला स्थान आहे. मोगल काळात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे मुख्य ठाणे होते आणि इथल्या किल्ल्यावर फौज असे. म्हणजे रान दाट असले तरी वाटा नव्हत्या असे नव्हे. यात्रेकरू एकटादुकटा निघत नसे. पाच-पंचवीस जणांचा जथा, पुढे-मागे गाड्या, मुक्कामाला नदीकाठ आणि रात्रभर पेटती धुनी, अशी ही वाटचाल. नवरात्र आणि दत्तजयंती या दोन्ही यात्रा पावसाळा सरल्यानंतरच्या आहेत. याला धार्मिक कारण असेल ते असो, प्रवासाच्या सोयीनेही ते बरोबर बसते. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला माहूरच्या डोंगराची परिक्रमा होते, ती मात्र भर पावसातली, चिखलातली आणि हिरव्या रानातली.

यात्रेकरूंखेरीज दुसरे मोठे वाटसरू म्हणजे लमाण. धान्य आणि मीठ लादलेल्या बैलांचे तांडे दख्खनमधून वऱ्हाडात आणि परत असे याच मुलखातून चालत. हजारो बैलांना रोज चारा-पाणी लागे, म्हणून त्यांचा मार्ग गावांपेक्षा कुरणे आणि पाणवठे पाहून ठरे. रेल्वे आली तसा हा धंदा बसला आणि तांडे जिथल्या तिथे स्थिरावले. किनवट, माहूर, उमरखेड, पुसद या पट्ट्यात बंजारा वस्ती आजही दाट आहे. डोंगरमाथ्यांवर कोलामांचे पोड, सपाटीला गोंड, आंध आणि प्रधान यांची गावे, आणि या सर्वांना जोडणाऱ्या पायवाटा, हे रानातले मूळ दळणवळण.

एकोणिसाव्या शतकात पैनगंगा ही सरहद्द झाली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. तेव्हापासून नदीच्या उत्तरेला इंग्रजी अंमल आणि दक्षिणेला निजामाचा. नदी उतरून पलीकडे जायचे तर निजामाच्या करोडगिरी नाक्याशी गाठ पडे. मालावर जकात बसे, आणि माल रानातला असेल तर जंगल खात्याचे लोकही आडवे येत. एकाच जंगलाला दोन सरकारे, दोन कायदे आणि दोन प्रकारचे शिकार-परवाने लागू झाले. वाघाला अर्थात या व्यवस्थेची खबर नव्हती, पण शिकाऱ्याला होती. एका काठावर जखमी झालेले जनावर दुसऱ्या काठावर गेले की पंचाईत होई.

गंमत पाहण्यासाठी म्हणून या रानात येणारा पहिला प्रवासी हा शिकारीच होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. १९०३ मध्ये हे कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन होईपर्यंत तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना उन्हाळ्याची रजा काढून जवळच्या रानांत जाणे सोपे होते. कंटिंजंटमधले एक अधिकारी आर. जी. बर्टन पुढे ब्रिगेडियर-जनरल झाले. दख्खनमधल्या शिकारीवर आणि वन्यजीवांवर त्यांनी लिहिलेले ‘स्पोर्ट अँड वाइल्ड लाइफ इन द डेक्कन’ हे पुस्तक १९२८ मध्ये निघाले. अशा मोहिमेचा हंगाम चैत्र-वैशाखाचा. उन्हाळ्यात सागाची पाने झडून रान उघडे पडते आणि दूरवरचे दिसते. शिवाय ओढे आटल्यावर नदीच्या डोहांत तेवढे पाणी उरते आणि जनावर तिथे येतेच येते. आजही पर्यटकांना एप्रिल-मे हेच महिने सुचवले जातात, त्यामागचे कारण शंभर वर्षांपूर्वीचेच आहे.

या शिकारीची वाहतूक पाहण्यासारखी होती. बैलगाडीची रोजची मजल फार तर सात-आठ कोसांची, म्हणून हिंगोलीहून घनदाट रानापर्यंत पोचायलाच चार-पाच मुक्काम पडत. तंबू, खाटा, पाण्याची भांडी, बंदुका आणि शिधा असे सामान जड गाड्यांवर लादून रात्रीच पुढे धाडायचे आणि साहेब पहाटे घोड्यावरून निघून ऊन चढायच्या आत पुढच्या तळावर पोचायचे, अशी रीत होती. मेमसाहेब असल्या तर त्यांच्यासाठी दमणी. रस्ता नदीपात्रात उतरला की गाडीची चाके वाळूत रुतत. मग दुसऱ्या गाडीचे बैल सोडून आणायचे, चार जोड्या एकीला जुंपायच्या आणि माणसांनी मागून चाकाला खांदा लावायचा. पैनगंगेच्या प्रत्येक उताराला अशी दोन-चार तासांची खोटी ठरलेली. गाडीची धाव निखळली तर लोहार गाठेपर्यंत सारा तळ जागच्या जागी.

तळ पडल्यावर खरे काम गावकऱ्यांचे. माग काढणारा गोंड किंवा कोलाम असे. कोणत्या ओढ्यात वाघ उन्हाचा बसतो, हे त्यालाच ठाऊक. रेडकू बांधायचे, सकाळी ते मारले गेले का पाहायचे, मारले गेले असेल तर मचाण बांधून दुपारी हाका घालायचा. हाक्याला शंभर-दीडशे माणसे लागत. ढोल, डबे, टाळ्या आणि आरोळ्या यांच्या गलक्यात ती ओळीने रान विंचरत येत. इंग्रजी अमलात मजुरी तरी हातावर पडे. निजामी मुलखात अंमलदाराच्या दौऱ्याला गाड्या, दूध, कोंबड्या आणि माणसे पुरवणे हा वेठीचा भाग होता. त्या काळातल्या शिकारकथांत मचाणावरच्या माणसाचे नाव असते. हाक्यातल्या माणसाचे नाव सापडणे अवघड, आणि जखमी वाघाशी पहिली गाठ मात्र त्याचीच पडत असे.

रेल्वेने हा सगळा हिशेब बदलला. १९०१ च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला मीटरगेज मार्ग पुरा झाला आणि नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद ही गावे रुळावर आली. १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली फाटा सुरू झाला. उत्तरेकडून मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची शकुंतला विसाव्या शतकाच्या आरंभीच यवतमाळपर्यंत येऊन थांबली होती. त्यानंतर निजामाच्या रेल्वेने मुदखेडहून ईशान्येला फाटा काढला. तो भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, बोधडी, किनवट असा टप्प्याटप्प्याने पुढे सरकत आदिलाबादला पोचला. मुदखेड ते आदिलाबाद हे अंतर १६२ किलोमीटर. हिमायतनगर हे नाव निजामाच्या शहजाद्यावरून पडलेले, पण जुनी माणसे गावाला वाढोणाच म्हणत राहिली.

हा फाटा सौंदर्य पाहण्यासाठी टाकलेला नव्हता. आदिलाबादचा कापूस आणि किनवटच्या रानातला साग बाहेर काढणे हा त्यामागचा हेतू. किनवट स्थानकाबाहेर लाकडाचे डेपो उभे राहिले, ठेकेदार आले, करवती आल्या. रुळाच्या दोन्ही बाजूंचे रान आधी तुटले, मग तिथे शेती आली. पण भोकर सोडल्यावर गाडी जसजशी पुढे जाई, तसतसे डोंगर जवळ येत आणि खिडकीतून रान दिसू लागे. जे पाहायला पूर्वी तंबू-घोड्यांचा लवाजमा लागे, ते तिसऱ्या वर्गाच्या तिकिटात कोणालाही दिसू लागले. रेल्वेने एका स्थानकाला तर धबधब्याचेच नाव दिले. इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या खडकांवरून अनेक धारांनी कोसळते तो सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात आणि महाशिवरात्रीला माणसांनी फुलतो. नदीच्या अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे मुरली हे यवतमाळ जिल्ह्यातले गाव, आणि प्रपात दोघांचा. नांदेड-भोकरकडच्या बहुतेक लोकांनी या रानाचे पहिले दर्शन घेतले ते महादेवाच्या यात्रेच्या निमित्ताने, या छोट्या स्थानकावर उतरून.

जंगलात राहणाऱ्यांसाठी रेल्वेसोबत दुसरी गोष्टही आली. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, चराई आणि लाकूडतोडीवर बंधने आली, वाड्या उठवल्या गेल्या. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्याच जिल्ह्यात कोमरम भीम यांनी जल-जंगल-जमिनीसाठी उठाव केला आणि १९४० मध्ये जोडेघाटला ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासासाठी बोलावले. त्यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ १९४८ चा. रान पाहायला येणाऱ्यांना आणि रानात राहणाऱ्यांना लागणाऱ्या वाटा वेगवेगळ्या असतात, हा भेद इथे तेव्हापासून उघड आहे.

१९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिलढ्यात नदीच्या उतारांना आणखी एक उपयोग सापडला. उमरखेडला स्वातंत्र्यसैनिकांचा सरहद्द कॅम्प होता. रझाकारांच्या जाचाला कंटाळलेली कुटुंबे नदी ओलांडून वऱ्हाडात जात आणि कॅम्पमधले लोक रात्री उलट दिशेने येत. रानवाटांची माहिती असलेल्या माणसाला त्या वर्षभरात जेवढी किंमत होती, तेवढी आधी शिकारी साहेबांच्या काळातही नव्हती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आणि इस्लापूर मंडळ आदिलाबादमधून काढून नांदेडला जोडले गेले, तर मुधोळ-भैंसा नांदेडमधून आदिलाबादला गेले. किनवटच्या माणसाला सरकारी कामासाठी आता आदिलाबादऐवजी भोकरवरून नांदेडला जावे लागू लागले. भोकर-किनवट रस्त्यावरची वर्दळ वाढण्याचे मोठे कारण हे कचेरीचे हेलपाटे आहेत.

एसटीची सुरुवातही निजामी. १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्यांवर रस्ता वाहतूक सुरू केली. मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर तिथल्या बससेवेची परंपरा राज्य परिवहन महामंडळात मिळाली. भोकर, किनवट, माहूर आणि हदगाव इथे आगारे झाली. मुक्कामी गाडी ही या भागातली खास सोय. संध्याकाळी शेवटची बस रानाच्या कडेच्या गावाला जाऊन थांबते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच बस बाजाराची माणसे, दुधाच्या किटल्या आणि शाळेची पोरे घेऊन परत फिरते. पर्यटकाच्या दृष्टीने हे वेळापत्रक अगदी उलटे. जनावरे दिसण्याच्या वेळी, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी, बस रानातून बाहेर निघालेली असते किंवा अजून आत पोचलेली नसते.

नदीच्या पलीकडचा, म्हणजे उमरखेड तालुक्यातला रानाने वेढलेला पट्टा बंदी भाग म्हणून ओळखला जातो. बिटरगाव, खरबी, सोनदाभी, कोरटा ही तिथली नावे. ढाणकी ही त्यांची बाजारपेठ. हिमायतनगरहून ढाणकीला जाताना गांजेगावजवळ पैनगंगेवर पूल आहे. दर पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की ‘विदर्भ-मराठवाड्याचा संपर्क तुटला’ ही बातमी वर्तमानपत्रात येते. पूल होण्याआधी पावसाळ्याचे चार महिने डोंग्यावर भिस्त असे, आणि उरलेले आठ महिने उतारावरून चालत. नागपूर-तुळजापूर महामार्ग मार्लेगावला, आणि माहूरकडचा रस्ता धनोड्याला नदी ओलांडतो. या दोन पुलांच्या मधला भाग आजही तुलनेने आडवळणाचा आहे. रान टिकण्याला ही गैरसोय कारणी लागली, हे बंदी भागातल्या माणसाला सांगून मात्र पटायचे नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा अध्याय कायमचा मिटला. वाघाच्या शिकारीवर त्याआधी १९७० मध्येच बंदी आली होती. १९८६ नंतर पैनगंगेच्या रानाला या कायद्याचे अभयारण्याचे कलम लागू झाले. कलम २७ नुसार अभयारण्यात शिरू शकणारे लोक मोजकेच : कामावरचा सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेला, आत जमीन असलेला, आणि आतून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने जाणारा वाटसरू. यांतल्या पहिल्या तिघांवर अवलंबून असलेली माणसेही त्यातच आली. बाकी सर्वांना परवाना लागतो, आणि पर्यटन हे तो मिळण्याच्या कारणांपैकी एक आहे. ढाणकीहून किनवटला एसटीने निघालेला माणूस परवान्याशिवाय रान पार करतो. त्याच रस्त्यावर उतरून दहा पावले आत जायचे असेल, तर तो कायद्याने पर्यटक ठरतो.

रस्ता रुंद करायचा किंवा डांबर टाकायचे म्हटले तरी वन्यजीव विभागाच्या परवानगीचा प्रश्न येतो. बंदी भागातले रस्ते या अटींमुळे रखडल्याची तक्रार तिथे कायमची आहे. बाहेरून येणाऱ्याला खडबडीत रस्ता म्हणजे अस्सल जंगलाची खूण वाटते. बाळंतिणीला ढाणकीच्या दवाखान्यात न्यायचे असेल, तेव्हा तोच रस्ता काय असतो हे सांगायला नको.

लोहमार्गाचा पुढचा टप्पा रुंदीकरणाचा. मीटरगेजच्या काळात मुंबईहून येणाऱ्याला मनमाडला गाडी बदलावी लागे. १९९० च्या दशकात मनमाडकडून रुंद रूळ येऊ लागले आणि २००० नंतरच्या दशकात मुदखेड-आदिलाबाद फाटाही ब्रॉडगेज झाला. मुंबईहून सुटणारी नंदीग्राम एक्सप्रेस नांदेड-भोकरवरून किनवटला येऊ लागली. तिरुपती-आदिलाबाद कृष्णा एक्सप्रेसही याच मार्गाची. १९९९ मध्ये हिमायतनगर आणि माहूर हे वेगळे तालुके झाले, त्याने कचेऱ्या जवळ आल्या आणि रस्त्यांकडेही थोडे लक्ष गेले. वन्यजीवांसाठी मुंबई-पुण्याहून निघणारा प्रवासी मात्र ताडोब्याला जाणेच पसंत करतो. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, चंद्रपूर स्थानकापासून जवळ आहे आणि तिथे वाघ दिसण्याची खात्री बरीच. पैनगंगेच्या रानात अस्वल, बिबट्या, रोही, सांबर, चितळ, चौसिंगा हे सगळे असले तरी ते दिसायला धीर लागतो.

पैनगंगेकडे पुन्हा लक्ष वळवले ते वाघांनीच. यवतमाळ जिल्ह्यातले टिपेश्वर हे १४८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य लहान पडू लागल्यावर तरुण वाघ बाहेर पडू लागले. २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बसवलेला एक नर पावसाळ्याच्या तोंडावर टिपेश्वरहून निघाला. पैनगंगा, आदिलाबादचा परिसर, हिंगोली अशी फिरफिर करत तो डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याने सुमारे १३०० किलोमीटर अंतर तुडवले होते. कॉलरमुळे त्याची वाट नकाशावर उमटली तेव्हा लक्षात आले, की तो ओढ्यांचे काठ, पडीक माळ आणि शेतांच्या बांधांवरून, बहुतेक रात्रीचा चालला होता. लमाणांचे तांडेही वाट ठरवताना गावांपेक्षा पाणी आणि कुरणेच पाहत. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्याने टिपलेला वाघही टिपेश्वरचाच निघाला. तेलंगणातला कवल व्याघ्र प्रकल्प, टिपेश्वर आणि पश्चिमेकडची रानखंडे यांना जोडणारा मधला मुक्काम म्हणून पैनगंगेचे महत्त्व त्यानंतर वनखात्याच्या चर्चेत वाढले.

आज रानात हिंडण्याचे प्रकार दोन. टिपेश्वरला रीतसर सफारी आहे. सुन्ना, माथणी आणि कोदोरी या फाटकांतून सकाळ-दुपारच्या ठरलेल्या वेळी मोजक्याच जिप्सी सोडतात. सोबत गाइड सक्तीचा, खाली उतरायला मनाई. भोकरहून जाणारा रेल्वेने आदिलाबाद गाठतो आणि तिथून नागपूरच्या महामार्गाने पाटणबोरीमार्गे पांढरकवड्याकडे वळतो. दुसरा प्रकार बुद्ध पौर्णिमेचा. पूर्वी त्या रात्री पाणवठ्यावर प्राणिगणना होत असे. आता शास्त्रीय गणना कॅमेऱ्यांनी होते आणि ती रात्र निसर्गानुभव म्हणून नागरिकांना खुली केली जाते. नाव नोंदवलेला माणूस दुपारी मचाणावर चढतो तो दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरतो. डबा आणि पाणी स्वतःचे, कपडे मातकट रंगाचे, अत्तर वर्ज्य, आणि सोबतीला एक वनकर्मचारी. हाक्याच्या काळातले मचाण तेवढे उरले आहे, त्यावर बंदुकीऐवजी नोंदवही आली.

एरवी पैनगंगेच्या रानात जायचे तर मुक्काम किनवटला करावा लागतो किंवा माहूरच्या भक्तनिवासात. किनवटहून भाड्याची जीप करून नदी ओलांडायची, खरबीला वनखात्याकडे परवान्याची चौकशी करायची आणि मिळेल तेवढे आत जायचे. नवरात्रात आणि दत्तजयंतीला जीपही मिळत नाही आणि खोलीही. तेव्हा सगळी वाहने माहूर गडाच्या फेऱ्यांना लागलेली असतात, म्हणून रान पाहणाऱ्याने पंचांगात यात्रांच्या तिथी बघूनच भोकरची गाडी धरलेली बरी.